पवनचक्कीच्या गिअरबॉक्स तेलातले धातूचे कण : इंडक्टिव्ह सेन्सर मुख्य लाइनवर की ऑफलाइन लूपवर?

पठारी_वारा
प्रश्न साताऱ्याच्या पठारावरच्या २ मेगावॉट वर्गातल्या पवनचक्क्यांचा आहे. गिअरबॉक्स एक प्लॅनेटरी आणि दोन हेलिकल टप्प्यांचा. तेल सिंथेटिक व्हीजी ३२० (व्हीजी म्हणजे घट्टपणाचा दर्जा), संपमध्ये म्हणजे तळाच्या तेलसाठ्यात सुमारे ३५० लिटर, चालू असताना ६० अंशांच्या आसपास. मुख्य पंप मिनिटाला ८० लिटर ओढतो. पुढे १० मायक्रॉनचा फिल्टर, कूलर आणि मग बेअरिंगवर नि दात्यांवर फवारा. शिवाय मिनिटाला १० लिटरचा ऑफलाइन लूप आहे, म्हणजे संपमधलं तेल फक्त गाळून परत संपमध्ये सोडणारा वेगळा मार्ग, त्याला ३ मायक्रॉनचा फिल्टर.

तेलातून जाणारे धातूचे कण मोजणारा इंडक्टिव्ह सेन्सर बसवायचा आहे. मुख्य लाइनवर २५ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) बसेल, ऑफलाइनवर १० मिमीचा. माझा कल ऑफलाइनकडे आहे, कारण बोअर लहान तितका बारीक कण दिसतो. लहान बोअरच्या डेटाशीटवर लोखंडी कणांसाठी ४० ते ७० मायक्रॉन असे आकडे असतात, मोठ्या बोअरला १०० ते २०० मायक्रॉन.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जागा कोणती? सेन्सर बसल्यावर प्रयोगशाळेत जाणारे तेलाचे नमुने बंद करता येतील का? आणि अलार्म कशावर लावायचा, कणांच्या संख्येवर की आणखी कशावर?

वंगणवेध
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नमुने बंद करू नका.

प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोमीटरला (तेल जाळून त्यातला प्रत्येक धातू पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग, ते मोजणारं यंत्र) साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचाच धातू नीट दिसतो. त्याहून मोठा कण ज्वाळेत किंवा ठिणगीत पूर्ण जळत नाही, म्हणून पीपीएममध्ये येत नाही. तेलाच्या स्वच्छतेचा आयएसओ ४४०६ कोड ४, ६ आणि १४ मायक्रॉनच्या वरचे कण मोजतो, पण कण धातूचा, धुळीचा की रबराचा हे सांगत नाही. तुमचा सेन्सर सुरूच होतो ४० किंवा १०० मायक्रॉनला. म्हणजे तिघांच्या खिडक्या वेगळ्या आहेत.

दाते एकमेकांवर घासून होणारी रोजची झीज बहुतेक १५ मायक्रॉनच्या आत असते. बेअरिंगच्या रेसवरून (गोळ्या ज्यावर फिरतात त्या कड्यावरून) किंवा दात्यावरून थकव्याने खवले निघू लागले की कण शंभर मायक्रॉनच्या पुढे जातात, पुढेपुढे मिलिमीटरपर्यंत. सेन्सर ही दुसरी अवस्था पकडतो. तेलात पाणी शिरलंय, अॅडिटिव्ह संपत आलंय, व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) घसरली आहे, यातलं काहीही त्याला कळत नाही. ते नमुन्यातूनच कळणार.

चुंबकी_बूच
संपच्या तळाला चुंबकी प्लग लावा, दर तपासणीला काढून पुसा, कीस किती चिकटलाय ते पाहा. वीज नको, केबल नको, सॉफ्टवेअर नको. ८० मीटर उंचीवर जितकी कमी इलेक्ट्रॉनिक्स तितकं बरं.

कॉइल_तीन
बूचकाका, प्लग राहू द्याच, पण तो फक्त लोखंड धरतो आणि कधी धरलं ते सांगत नाही. सहा महिन्यांचा कीस हळूहळू जमला की शेवटच्या चार दिवसांत जमला, हे प्लग बघून कळत नाही. तोच तर मुद्दा आहे.

नवीन वाचकांसाठी सेन्सर कसा चालतो ते थोडक्यात. बिनचुंबकी नळीवर तीन कॉइल असतात. बाहेरच्या दोन कॉइलमधून उलट दिशेने उच्च फ्रिक्वेन्सीचा प्रवाह सोडतात, त्यामुळे बरोबर मध्यावर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात. तिथे तिसरी, ऐकणारी कॉइल. नळीत कण नसेल तर तिच्यावर व्होल्टेज जवळजवळ शून्य. लोखंडी कण पहिल्या कॉइलपाशी आला की तिचं क्षेत्र किंचित वाढतं आणि तोल एका बाजूला ढळतो. मध्यावर पुन्हा शून्य, दुसऱ्या कॉइलपाशी उलट बाजूला. स्क्रीनवर साइन लाटेचं एक पूर्ण आवर्तन उमटतं.

तांबं, पितळ, अॅल्युमिनियम यांत भोवरे प्रवाह तयार होतात आणि ते क्षेत्र कमी करतात, म्हणून लाट उलटी येते. लोखंड आणि बिनलोखंडी धातू असे वेगळे कळतात. हवेचे बुडबुडे चुंबकीयही नाहीत आणि वाहकही नाहीत, त्यामुळे ते मोजले जात नाहीत. प्रकाशावर चालणारे कण-मोजक मात्र बुडबुडा आणि पाण्याचा थेंब दोन्ही कण म्हणून मोजतात. गिअरबॉक्सच्या फेसाळ तेलात हा फरक फार मोठा आहे.

तळगाळ
पठारी_वारा, ऑफलाइनबद्दल मी असहमत आहे. एकूण ९० लिटरपैकी १० लिटर ऑफलाइनमधून जातं, म्हणजे ११ टक्के. ढवळलेल्या तेलातला कण नऊपैकी आठ वेळा मुख्य पंपाकडे जाईल आणि १० मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये अडकेल. ऑफलाइन सेन्सरला तो कधी दिसणारच नाही. तुम्ही बारीक कण दिसावा म्हणून बहुतेक कण गमावताय.

वंगणवेध
तळगाळ, हे ढवळलेल्या तेलाला लागू आहे. मोठे कण ढवळलेले राहत नाहीत.

स्टोक्सच्या नियमाने काढून पाहा. ६० अंशांना या तेलाची व्हिस्कॉसिटी १२० सेंटिस्टोक्स धरली तर १०० मायक्रॉनचा पोलादी गोळा सेकंदाला ०.३७ मिमीने खाली बसतो, ५०० मायक्रॉनचा सुमारे ९ मिमीने. संपमध्ये तेल ४०० मिमी खोल असेल तर पहिल्याला तळ गाठायला अठरा मिनिटं लागतात, दुसऱ्याला पाऊण मिनिट. मुख्य पंप ३५० लिटर तेल साडेचार मिनिटांत एकदा फिरवतो. म्हणजे १०० मायक्रॉनचा कण पंपाकडे ओढला जाण्याची शक्यता भरपूर आहे, ५०० मायक्रॉनचा मात्र बहुधा आधीच तळाला बसतो. मुख्य पंपाचं सक्शन तळापासून वर असेल आणि ऑफलाइनचं तळाशी, तर खवले ऑफलाइनमध्येच येतील.

त्यामुळे मुख्य की ऑफलाइन याआधी प्रश्न हा आहे की सक्शनची तोंडं कुठे आहेत. गिअरबॉक्सचं ड्रॉइंग काढा.

तळगाळ
मान्य, खोलीचा मुद्दा बरोबर आहे. पण तळ सपाट नसतो. आत फासळ्या असतात, कोपरे असतात, खवले तिथे बसून राहतात. तळाचं सक्शन फक्त स्वतःच्या आजूबाजूचं ओढतं.

पठारी_वारा
ड्रॉइंगमध्ये ऑफलाइनचं सक्शन ड्रेनच्या तोंडावर, सगळ्यात खोल जागी आहे. मुख्य पंपाचं तोंड तळापासून १२० मिमी वर, जाळीसह.

फवारा
मग पंपाचाही विचार करा. गिअर पंपाच्या फटी काही दशांश मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंत असतात. ५०० मायक्रॉनचा कडक खवला त्यातून सबंध बाहेर पडत नाही, चिरडला जातो. लोखंडी कणाचा सिग्नल आकारमानाच्या, म्हणजे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असतो. ५०० मायक्रॉनच्या एका कणाचे १०० मायक्रॉनचे १२५ तुकडे झाले तर वजन तेवढंच राहतं, पण सेन्सरची मर्यादा १५० मायक्रॉन असेल तर मोजणी शून्य.

म्हणून तत्त्वतः सेन्सर पंपाच्या आधी हवा.

कॉइल_तीन
तत्त्वतः हो. पण सक्शनवर दाब वाया घालवायला जागा नसते. मुख्य लाइनचं गणित करू: २५ मिमी बोअर, सेन्सरची लांबी १५० मिमी, मिनिटाला ८० लिटर. ६० अंशांना दाब सुमारे ०.०२ बार पडतो, काहीच नाही. पण जानेवारीतल्या पहाटे पठारावर तेल १० अंशांवर असतं तेव्हा व्हिस्कॉसिटी पंधरा-वीसपट होते आणि हाच आकडा ०.३ ते ०.४ बारवर जातो. जाळी आणि होजचा तोटा वेगळा. पंप कॅव्हिटेशनमध्ये जाईल, म्हणजे पुरेसं तेल न ओढता आल्याने आत पोकळ्या तयार होतील. १० मिमी बोअरचं सक्शनवर नावही काढू नका. दाबाचा तोटा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, १० चे ८ मिमी केले तरी तो जवळजवळ अडीचपट होतो.

व्यवहारात जागा एकच उरते: पंपानंतर आणि फिल्टरच्या आधी. ऑफलाइन लूपला स्क्रू किंवा हळू फिरणारा पंप असेल तर चिरडणं कमी होतं, हा ऑफलाइनच्या बाजूने आणखी एक मुद्दा.

बारीक_नजर
फिल्टरच्या आधी, हे ठळक अक्षरांत लिहा. फिल्टरनंतर बसवलेला सेन्सर वर्षानुवर्षं शून्य दाखवत राहतो आणि सगळे खूश असतात :)

वंगणवेध
बारीक_नजर, अगदी. याला दुसरी बाजूही आहे. सेन्सरनंतर फिल्टर असेल तरच प्रत्येक कण एकदाच मोजला जातो आणि एकूण बेरजेला अर्थ राहतो. लूपमध्ये फिल्टर नसेल तर तोच कण दर फेरीला नवा म्हणून मोजला जाईल.

फिल्टरचा बायपास व्हॉल्व्हही लक्षात ठेवा. थंड सुरुवातीला दाब वाढून तो उघडतो, कण फिल्टरला वळसा घालून संपमध्ये परततात आणि पुन्हा मोजले जातात. बायपास उघडा असताना आलेली मोजणी वेगळी ठेवा.

आणि सेन्सरच्या आधी चुंबकी फिल्टर किंवा मोठा चुंबकी प्लग असेल तर तो लोखंडी कण आधीच खाऊन टाकतो. मधूनच चिकटलेला गुच्छ सुटला की सेन्सरला एकच राक्षसी कण दिसतो. बूचकाका, तुमचा प्लग हवाच, पण या मार्गाच्या बाहेर.

चुंबकी_बूच
ठीक. संपच्या दुसऱ्या टोकाला, परतीचं तेल पडतं त्या बाजूला ठेवतो. चालेल?

वंगणवेध
चालेल. उलट तिथे तो फार कामाचा ठरेल, खाली लिहिते.

साखरपट्टा
साखर कारखान्यांच्या मिलवरच्या प्लॅनेटरी गिअरबॉक्सना हेच लागू होईल का? गाळप हंगामात चार-पाच महिने मिल थांबवता येत नाही, त्यामुळे आठ दिवस आधी कळलं तरी सोनं. मिलच्या जर्नल बेअरिंगचं वंगण वेगळं असतं, ते सोडा. पण गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधल्या पितळी केजची (गोळ्यांना अंतरावर धरणाऱ्या पिंजऱ्याची) झीज दिसेल का?

कॉइल_तीन
साखरपट्टा, लागू होईल. पितळाबाबत अपेक्षा मात्र माफक ठेवा.

लोखंडी कणाचा सिग्नल व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढतो. बिनलोखंडी कण जेव्हा त्या फ्रिक्वेन्सीच्या स्किन डेप्थपेक्षा (भोवरे प्रवाह धातूत जेवढ्या खोलीपर्यंत शिरतात तिच्यापेक्षा) लहान असतो तेव्हा त्याचा सिग्नल पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे लहान होताना तितक्याच वेगाने नाहीसाही होतो. तांब्यात १०० किलोहर्ट्झला स्किन डेप्थ सुमारे ०.२ मिमी आहे. पितळ आणि ब्राँझची वाहकता तांब्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे तिथे स्थिती आणखी वाईट. म्हणूनच ज्या सेन्सरला ४० मायक्रॉन लोखंड दिसतं त्यालाच बिनलोखंडी कण १३०-१५० मायक्रॉनपासून दिसतो. पितळी केज घासून जो बारीक कीस होतो तो निसटेल, केज तुटायला लागली तर दिसेल. बारीक कीस स्पेक्ट्रोमीटरच्या तांबे-जस्ताच्या पीपीएममध्ये येतो, पुन्हा नमुन्यांकडेच जावं लागतं.

काय अजिबात दिसत नाही ते पण लिहून ठेवा. पॉलिअमाइडची केज. हायब्रीड बेअरिंगमधल्या सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्या. वाळू-धूळ. ३०४ किंवा ३१६ स्टेनलेस जवळजवळ दिसत नाही, कारण ते चुंबकीय नाही आणि वाहकताही कमी.

फवारा
मग पोलादाच्या ग्रेडप्रमाणेही सिग्नल बदलेल ना? बेअरिंगचं पोलाद आणि गिअरचं पोलाद यांची पर्मिएबिलिटी (चुंबकत्व घेण्याची क्षमता, μ) सारखी नसते.

कॉइल_तीन
जवळजवळ बदलत नाही. गोळ्याचा प्रतिसाद ३(μ−१)/(μ+२) या गुणकावर ठरतो. μ ५० असेल तर २.८३, ५०० असेल तर २.९८. दहापट फरक पडून सिग्नलमध्ये पाच टक्के. आकाराने फरक जास्त पडतो. लांबट कण नळीला समांतर गेला तर त्याच वजनाच्या गोळ्यापेक्षा मोठा दिसतो.

डेटाशीटवरचा मायक्रॉन हा समतुल्य गोळ्याचा व्यास असतो हेही विसरू नका. ३०० × ३०० × २० मायक्रॉनचा पापुद्रा सेन्सरला साधारण १५० मायक्रॉनचा गोळा वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली ३०० चा दिसला म्हणून सेन्सर चुकीचा ठरत नाही.

तिसरं_वर्ष_मेक
नमस्कार, प्रोजेक्टसाठी असा सेन्सर बनवायचा विचार आहे. शक्य आहे का? बजेट कमी आहे.

कॉइल_तीन
शक्य आहे, आणि शिकायला फार मिळेल. ६ मिमी आतल्या व्यासाची टेफ्लॉन किंवा काचेची नळी घ्या. तिच्यावर तीन खाचांचा प्लास्टिकचा बॉबिन, प्रत्येक खाच ३ मिमी रुंद, मधलं अंतर ३ मिमी. ०.१ मिमीची इनॅमल तार. बाहेरच्या दोन कॉइलला प्रत्येकी १०० वेढे, सिरीजमध्ये पण उलट दिशेने. मधल्या कॉइलला २०० वेढे. गुंडाळून झालं की इपॉक्सीने पक्कं करा, तार एक केसभर हलली तरी खोटा सिग्नल येतो.

ड्राइव्ह १०० किलोहर्ट्झ साइन, आणि स्थिर प्रवाहाने, स्थिर व्होल्टेजने नको. कारण सांगतो. ६ मिमी नळीत १०० मायक्रॉनचा कण कॉइलमध्ये जो बदल घडवतो तो दशलक्षात दहा भागांच्या घरात असतो. तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स एका अंशाला दशलक्षात ३९०० भागांनी बदलतो. व्होल्टेजने चालवलंत तर तापमान कणाला गिळून टाकेल.

मधल्या कॉइलचं शिल्लक व्होल्टेज कधीच पूर्ण शून्य होत नाही. ते कमी करायला एका टोकाला फेराइटचा छोटा तुकडा स्क्रूवर बसवून पुढेमागे करा. जितकं शिल्लक कमी तितका अॅम्प्लिफायरचा गेन वाढवता येतो. नंतर इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर, एडी ६३० सारखा डिमॉड्युलेटर (१०० किलोहर्ट्झमधून कणाचा सिग्नल वेगळा काढणारी चिप), आणि लो-पास. दोन डिमॉड्युलेटर ९० अंशांच्या फरकाने लावता आले तर लावाच. बारीक तांब्याचा सिग्नल या फ्रिक्वेन्सीला पूर्ण उलटा नसतो, ९० अंशांच्या बाजूला सरकलेला असतो. एकच चॅनेल असेल तर तो हरवतो.

स्वस्तात करायचं तर एलडीसी १६१४ ही चिप आणि एकच कॉइल. ती कॉइलची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी मोजते. कपॅसिटर सी-झिरो-जी प्रकारचाच घ्या, नाहीतर तापमानाने आकडा वाहत जाईल. कण २ मीटर/सेकंद वेगाने जात असेल तर सेकंदाला हजार तरी नमुने हवेत, आणि वेग वाढवला की चिपचं रिझोल्युशन घटतं. त्यामुळे सुरुवातीला कण हळू न्या.

बारीक_नजर
चाचणीसाठी तेलात कण सोडत बसू नका, परत सापडत नाहीत. मासे पकडायच्या नायलॉन तंगूसावर सुपरग्लूने एकेक कण चिकटवा आणि दोरी नळीतून ओढा. त्याच कणाची पन्नास वेळा चाचणी घेता येते. लोखंडासाठी १ मिमी आणि ०.५ मिमीच्या बेअरिंग गोळ्या. बिनलोखंडीसाठी बीजीए (तळाशी सोल्डर गोळ्या असलेल्या चिप) दुरुस्तीच्या सोल्डर गोळ्या, ०.३ ते ०.७६ मिमी, डबीत शेकड्याने मिळतात. कथिलाची वाहकता तांब्यापेक्षा बरीच कमी आहे, तो हिशोब धरा. आधी कोरी दोरी ओढून पाहा; गोंदाला हाताचा लोखंडी कीस लागलेला असू शकतो.

तिसरं_वर्ष_मेक
खूप आभार! सर, १ मिमीचा सिग्नल आला की १०० मायक्रॉनचा अंदाज बांधता येईल?

कॉइल_तीन
लोखंडासाठी घनाने भागा: हजारावा भाग. तो तुमच्या नॉइजच्या किमान तीनपट वर असेल तर दिसेल.

वीजघर
नॉइजवरून, पठारी_वारांच्या मूळ जागेबद्दल एक गोष्ट राहिली आहे. ऑफलाइन १० मिमी बोअरमध्ये १० लिटर/मिनिटाला सरासरी वेग २.१ मीटर/सेकंद. कॉइलचा एकूण पल्ला २० मिमी धरला तर कणाची लाट सुमारे १० मिलिसेकंदांची, म्हणजे १०० हर्ट्झ. आपल्याकडे ५० हर्ट्झचा पुरवठा रेक्टिफाय केला की रिपल बरोबर १०० हर्ट्झ! स्वस्त पॉवर सप्लाय वापरला तर नॉइज नेमकी कणाच्या पट्ट्यात बसते. चांगला गाळलेला २४ व्होल्टचा डीसी सप्लाय द्या, कन्व्हर्टरच्या पॅनेलमधून उचललेला नको.

केबलचं शील्ड एकाच टोकाला की दोन्ही टोकांना अर्थ करायचं ते सेन्सरच्या मॅन्युअलप्रमाणे करा, पण मध्ये कुठे अर्धवट सोलून ठेवू नका. पिच (पाती फिरवणारी यंत्रणा) आणि जनरेटरच्या पॉवर केबलपासून वेगळा ट्रे. नॅसेलमध्ये (मनोऱ्यावरच्या यंत्रघरात) वेल्डिंग करायचं असेल तर सेन्सर आधी काढून ठेवा.

फवारा
वेग सगळ्या कणांना सारखा नसतो. या तेलात रेनॉल्ड्स अंक १७५ च्या आसपास येतो, प्रवाह पूर्ण लॅमिनार, म्हणजे न घुसळता थराथरांत वाहणारा. मध्यावरचा कण सरासरीच्या दुप्पट वेगाने जातो, भिंतीजवळचा खूप हळू. त्यामुळे लाट ५० ते २०० हर्ट्झ अशी पसरते. फक्त एका फ्रिक्वेन्सीचा अरुंद फिल्टर लावला तर अर्धे कण जातील.

कॉइल_तीन
म्हणूनच चांगले सेन्सर लाटेचा आकार जुळवून पाहतात, उंची एकटी नाही. पूर्ण आवर्तन, दोन्ही बाजू जवळपास समान, मग कण. कंपनाने येणारा सिग्नल कितीतरी आवर्तनं चालतो, त्यावरून तो वगळता येतो. तरी सेन्सर गिअरबॉक्सच्या अंगावर थेट बोल्ट करू नका. कंपनाने कॉइलचा तोल हलतो. दोन्ही बाजूंना होजचा तुकडा आणि वेगळा ब्रॅकेट द्या. जवळच पोलादी क्लॅम्प थरथरत असेल तर तोही दिसतो.

दोन कण एकाच वेळी कॉइलमध्ये आले तर एकच मोजला जातो, आणि एक लोखंडी एक पितळी असेल तर दोघे एकमेकांना खातात. खवले भरभरून निघतात त्या शेवटच्या टप्प्यात म्हणूनच मोजणी प्रत्यक्षापेक्षा कमी येते.

रोटर
हेलिकॉप्टरच्या बाजूने एक सावधगिरी. कण न दिसणं म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

१ एप्रिल २००९ ला उत्तर समुद्रात एक एएस ३३२ एल२ सुपर प्यूमा पडलं, १६ जण गेले. मुख्य गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या टप्प्याच्या प्लॅनेट गिअरला थकव्याची चीर होती. त्याच्या काही दिवस आधी एपिसायक्लिक (प्लॅनेटरी) भागाच्या चिप डिटेक्टरवर (कण चिकटला की सूचना देणाऱ्या चुंबकी प्लगवर) एक धातूचा कण सापडला होता. २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत टुरॉयजवळ ईसी २२५ पडलं, १३ जण गेले, पुन्हा दुसऱ्या टप्प्याचं प्लॅनेट गिअर. चीर पृष्ठभागाच्या खालून वाढत गेली, खवले फारच थोडे निघाले आणि चिप डिटेक्टरने कोणतीही सूचना दिली नाही.

लढाऊ विमानांत आज पूर्ण प्रवाहाचे इंडक्टिव्ह सेन्सर आहेत, एफ-२२ च्या एफ ११९ इंजिनात कॅनडाच्या गॅसटॉप्सचा आहे. पण जो दोष धातू सोडतच नाही तो कुठलाच कण-सेन्सर पकडणार नाही. कंपनाचं मापन आणि बोअरोस्कोप (आत घालून पाहायची कॅमेऱ्याची नळी) सोबत हवेत.

वंगणवेध
रोटर, हे सांगितलंत ते फार महत्त्वाचं. पवनचक्कीच्या बेअरिंगमध्ये पांढऱ्या कडांच्या चिरा पृष्ठभागाखाली वाढतात तेव्हा असंच होतं, आधी चीर आणि मग एकदम मोठा तुकडा.

आता अलार्मबद्दल. संख्या एकटी घेऊ नका, वजन काढा. १०० मायक्रॉनचा पोलादी गोळा ४.१ मायक्रोग्रॅमचा, ५०० मायक्रॉनचा ०.५१ मिलिग्रॅमचा. रेसवरून ५ × ५ मिमीचा, ०.२ मिमी खोलीचा तुकडा उडाला तर ३९ मिलिग्रॅम धातू तेलात येतो. ५०० मायक्रॉनचे ७६ कण किंवा १०० मायक्रॉनचे साडेनऊ हजार, दोन्हींचं वजन तेवढंच. संख्या पाहिली तर एक शांत वाटेल आणि दुसरं प्रलय. वजनातून खड्डा केवढा झाला असेल याचा अंदाज येतो, आणि निर्णय त्यावरच घ्यायचा असतो. सेन्सर आकाराच्या कप्प्यांप्रमाणे मोजत असेल तर प्रत्येक कप्प्याच्या मधल्या व्यासावरून वजन काढून बेरीज करा.

बेरजेपेक्षाही दर महत्त्वाचा: तासाला किती मायक्रोग्रॅम. आणि तास कॅलेंडरचे नकोत, भाराखाली चाललेले घ्या. पठारावर वारा पावसाळ्यात जोरात असतो. जुलैचा आठवडा जानेवारीच्या आठवड्याशी ताडला तर प्रत्येक मशीन दर जूनमध्ये बिघडल्यासारखं दिसेल. त्याच शेजारच्या चार मशीनशी, त्याच वाऱ्यात ताडून पाहणं सगळ्यात चांगलं.

बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर तळाचे कण उठतात, पहिली पंधरा मिनिटं वेगळ्या खात्यात टाका. नवा गिअरबॉक्स असेल किंवा नुकतंच तेल बदललं असेल तर सुरुवातीचे काही आठवडे दर उतरता असायला हवा. उतरता असेल तर आकडा मोठा असला तरी घाबरू नका, चढता असेल तर लहान असला तरी पाहा.

चुंबकी_बूच
आणि माझा प्लग कामाचा कसा ठरेल ते सांगणार होतात.

वंगणवेध
हो! सेन्सर दर वाढल्याचं सांगेल, पण कुठल्या भागातून ते सांगणार नाही. दर वाढला की तुमच्या प्लगवरचा कीस आणि फिल्टरचं एलिमेंट दोन्ही काढा. एलिमेंट उघडून सॉल्व्हंटने धुवा, चुंबकाने कण ओढा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि एक्स-रेने मिश्रधातू ओळखून घ्या. कणात निकेल आणि मॉलिब्डेनम दोन्ही असतील तर १८ क्रोमियम-निकेल-मॉलिब्डेनम जातीचं गिअरचं पोलाद. नुसतं दीड टक्का क्रोमियम असेल तर १०० सीआर ६, म्हणजे बेअरिंग. प्लॅनेटची काही बेअरिंग केस-कार्बराइज्ड पोलादाची असतात, त्यामुळे पार्टलिस्ट समोर ठेवूनच निष्कर्ष काढा.

पठारी_वारा
सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफलाइनचं सक्शन ड्रेनच्या तोंडावर आहे आणि पंप हळू फिरणारा स्क्रू पंप आहे, हे तपासलं. त्यामुळे १० मिमी बोअर, ऑफलाइनवर, पंप आणि फिल्टरच्या मध्ये, दोन होजच्या मधल्या ब्रॅकेटवर. नमुने चालू राहतील. अलार्म भाराच्या तासाला वजनावर, शेजारच्या मशीनशी ताडून. थंडीत दाब किती वाढेल ते मात्र बघायचं आहे.

कॉइल_तीन
६० अंशांना ०.१ बारच्या आसपास येईल, १० अंशांना दीड-दोन बार. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह त्याच्या वर सेट आहे ना ते पाहा. नसेल तरी सेन्सरला वळसा देणारा थर्मल बायपास (तेल थंड असताना उघडणारा व्हॉल्व्ह) घालू नका, मोजणी खोटी होते. तेल गरम होईपर्यंत पंप कमी वेगात चालवा.

तळगाळ
मी अजूनही म्हणेन की एका तरी मशीनवर २५ मिमीचा मुख्य लाइनवरही बसवा आणि एक पावसाळा दोन्हींचे आकडे शेजारी ठेवा. सेकंदाला २.७ मीटर वेग येतो, तो आरामात चालेल. कोपऱ्यात किती अडकतं ते त्याशिवाय कळणार नाही.

पठारी_वारा
तळगाळ, एका मशीनवर नक्की करतो. आकडे इथेच टाकेन.

बारीक_नजर
बसवताना दोन गोष्टी. थ्रेडला तांबेयुक्त अँटी-सीझ पेस्ट लावू नका, तिचे गोळे बिनलोखंडी म्हणून मोजले जातात. आणि नव्या फिटिंगच्या थ्रेडमधला कीस कितीही धुतला तरी थोडा राहतोच. पहिल्या दोन दिवसांची मोजणी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिसऱ्या दिवशी बेरीज शून्यापासून सुरू करा.